मिठातले पावटे

अक्का, खाऱ्या मटणात पावटे घातले की ते शिजत नाहीत. मिठानं दाणा आखडतो, दगड होतो. हे मी तुला इतकी वर्षं सांगत आले आणि तू इतकी वर्षं मला म्हणत आलीस, "शिजतंय की. तुलाच धीर न्हाय." आता तू नाहीस. परवा तुझं तेरावं झालं. तरी मी सांगणारच. हे भांडण तू अर्ध्यावर टाकून गेलीस, आणि भांडण अर्ध्यावर सोडायची सवय तू मला लावली नाहीस.

भेटायला आलेल्या बायका म्हणत होत्या, "अक्का लई भोळी हुती बाई. गरीब गाय." मी त्यांना पाणी दिलं, चहा दिला, पण हो म्हणाले नाही. तू भोळी? विड्यांची छाट काढणारा तो मुनीम तुला बघितलं की खुर्ची सावरून बसायचा. चांगल्या विड्या त्यानं खराब म्हणून बाजूला टाकल्या की तू सूप त्याच्या टेबलावर ठेवायचीस आणि म्हणायचीस, "ह्यातली कुटली वाईट हाय ती मला वढून दाखवा." गरीब गाय असं करत नाही. मला राग आला तो ह्याचा. माणूस गेलं की त्याला पुसून गुळगुळीत करतात. तू गुळगुळीत नव्हतीस. आणि तू भोळी असतीस तर मी आज बी.ए. नसते.

तेच लिहायला बसले आहे.

आपलं घर मेंढरामागचं. सांगोल्याच्या पुढची वाडी, पावसाची बोंब, आणि सणासुदीला एखादं जनावर पडलं तर त्याचं उरलेलं मटण आई मीठ-हळद चोळून दोरीवर वाळवायची. मांडीचा भाग नळीसकट ठेवायची. मग थंडीत एखाद्या दिवशी ते खारं मटण दोन पाण्यांतून काढायचं, तिकडं पावटे शिजायला टाकायचे, पावटा बोटानं चेपला की मगच मटण त्यात सोडायचं. वरून काळं तिखट, शेंगदाण्याचं कूट, आणि अगदी शेवटी चिंचेचं पाणी. त्याचा दाट रस्सा भाकरीवर घेतला की माणूस बोलायचं थांबायचं. आई गेली तेव्हा मी लहान होते. मला तिचा चेहरा नीट आठवत नाही, पण ते "आधी पावटं, मग मटण" आठवतं. ते मला तूच शिकवलंस. मग तुला ते येत नव्हतं, असं मी कसं मानू?

तुला चौथीतून काढलं आणि नांदायला पाठवलं. नवऱ्यानं नांदवलं नाही. तू माहेरी न जाता सोलापुरात आलीस, विड्या वळायला लागलीस, आणि मला वाडीतून उचलून आणलंस, शाळेत घातलंस, मग कॉलेजात. बाळीवेशीत अव्वांच्या घरात एक खोली घेतलीस. अव्वा म्हणजे आपल्या घरमालकीण, कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, घरात कांदासुद्धा सोमवारी नाही. खोली देताना त्यांनी एवढंच विचारलं होतं, "खाणं काय तुमचं?" तू तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "भाजी-भाकरी." तू माझ्याकडं बघितलंस. बाहेर आल्यावर म्हणालीस, "तोंडावर सांगायचं हुतं की. खोली दिली असती न्हाईतर न्हाई." मी म्हणाले, "नाहीच दिली असती." ते आपलं पहिलं भांडण. मी लपवलं ते चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही, अक्का. कॉलेज तिथून पायी जाण्यासारखं होतं. मला ते पाहिजे होतं.

आता तो दिवस.

दुष्काळाचं साल. टँकर आला की वाडीत हाणामारी, असं आण्णांच्या, आपल्या बापाच्या, निरोपात यायचं. कळप हळूहळू विकला गेला होता. उन्हाळ्याचे दिवस, माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा अगदी तोंडावर. अव्वांचं सगळं घर सकाळीच अक्कलकोटला लग्नाला गेलं होतं. तू उंबऱ्याशी मांडीत सूप घेऊन विड्या वळत बसली होतीस, आणि मी मागं भिंतीला टेकून वाचत होते. आण्णा आले. पागोट्यावर धूळ, हातात गठुडं. पाणीसुद्धा न पिता म्हणाले, "इंदे, कापडं भर. उद्या सकाळी पावनं येनार हायती तुला बघायला. दुपारच्या यष्टीनं जायाचं."

मी म्हणाले, "आण्णा, परीक्षा आलीय माझी."

"परीक्षा काय पळून जातीया व्हय?"

"पळूनच जाते आण्णा. ती थांबत नाही."

"पावनं बी थांबत न्हाईत. शबुद दिलाय म्या. मानसं चांगली हायती, हिरीला पानी हाय." ह्या सालात विहिरीला पाणी असलेलं घर म्हणजे काय, हे मला कळत होतं. आण्णा वाईट नव्हते. तेच जास्त कठीण होतं. वाईट माणसाशी भांडता येतं.

मी तुझ्याकडं बघितलं. तू काहीतरी बोलशील म्हणून. तू विडीला दोरा बांधलास, दातानं तोडलास आणि विचारलंस काय, तर "आण्णा, त्या गठुड्यात काय हाय?"

"शेवटच्या एडक्याची मांडी. खारवून आणलीया. तुमी दोगी खाशीला म्हनून."

"मग जेवूनच जावा. पावटं भिजत घातल्यात रातीच."

माझं डोकंच फिरलं. मला घेऊन चालले होते आणि तुला मटण सुचत होतं. तेही अव्वांच्या घरात. मी तुला कोपऱ्यात ओढलं. "अक्का, इथं? वास जाईल सगळीकडं."

"अव्वा दिवं लागायच्या आत येत न्हाईत."

"आणि नाही शिजलं तोवर?"

"शिजंल की," म्हणालीस, आणि शेगडीत कोळसे घातलेस.

मी खिडकीला गोणपाट लावलं. दाराच्या खालच्या फटीत जुनं लुगडं कोंबलं. आत भट्टी. आण्णा भिंतीला टेकून आत पडलेल्या उन्हाकडं बघत बसले. त्यांचं घड्याळ तेच. दाराच्या वरच्या फटीतून उन्हाची रेघ आत येई, ती रेघ कुठं आली की एस.टी. स्टँडवर निघायचं, हे त्यांना ठाऊक. वाडीला जाणारी सांगोल्याची शेवटची गाडी धरायची तर सोलापुरातून दुपारीच हलायला पाहिजे होतं.

मी ट्रंकेत साड्या भरत होते. पुस्तकं बाहेर राहत होती. ती भरायची की नाही हे कुणीच सांगत नव्हतं.

आणि तू काय केलंस? गठुडं सोडलंस, मटणाच्या पट्ट्या काढल्यास, आणि तशाच, मिठासकट, भिजलेल्या पावट्यांबरोबर भगुल्यात टाकल्यास. मधोमध नळी ठेवलीस. वरून पाणी. मी ओरडलेच, "अगं मीठ काढ आधी! आई दोन पाण्यांतून काढायची!"

"गप बस. मला शिकवू नगस."

मग तू चिंच कोळलीस आणि तीही वरून ओतलीस. सुरुवातीलाच. चिंच, अक्का! आंबट पडलं की पावटा शिजत नाही हे वाडीतल्या शेंबड्या पोरीलाही माहीत असतं. मला वाटलं, हिचं डोकं ठिकाणावर नाही. मी जाणार म्हणून हिचं चित्त उडालंय. मला तुझी दया आली. हे वाचून तू हसली असतीस.

भगुलं रटरटायला लागलं. वास असा सुटला की गोणपाट, लुगडं सगळं फुकट गेलं.  आण्णांनी विचारलं, "झालं का गं?"

"व्हईल की."

थोड्या वेळानं पुन्हा, "झालं का?"

तू पळीवर दाणा घेऊन माझ्यापुढं धरलास. "बघ गं इंदे." मी चेपायला गेले. दाणा बोटाखालून सुटून भिंतीला जाऊन आपटला. गलोलीतून गोळी सुटावी तसा. आण्णा उठले. पागोटं डोक्यावर घेतलं. "ऱ्हाऊ दे. यष्टी चुकंल. चल इंदे, उचल ती ट्रंक."

मी ट्रंकेच्या कडीला हात घातला. हात ओला होता घामानं, कडी निसटत होती.

आणि तेव्हा तू, शेगडीकडंच तोंड ठेवून, अगदी हळू म्हणालीस, "आण्णा, एडका चुलीवर हाय."

आपल्यात एक रीत आहे. दुसऱ्या कुणाला सांगितली तर हसतील. आपल्या कळपातलं जनावर चुलीवर चढलं की घरधन्यानं त्याचा घास घेतल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. ज्यानं आयुष्यभर आपल्या मागं चालून आपल्याला खाऊ घातलं त्याला चुलीवर टाकून निघून जायचं नाही. आण्णा त्या उंबऱ्याजवळ उभे होते. एक पाय उचललेला. उन्हाची रेघ त्यांच्या पायाच्या पुढं गेलेली. कळपातला शेवटचा एडका होता तो. ह्यापुढं दुसरा नव्हता.

"कच्चाच घास घेतो मग," ते म्हणाले.

"कच्चा घास एडक्याचा? आई असती तर काय म्हनली असती?" तू म्हणालीस. मग जरा थांबून, "मीठ तरी बघा."

तू त्यांच्या तळहातावर पळीभर रस्सा घातलास. त्यांनी तो ओठाला लावला. मी बघत होते. त्यांच्या मिशीचा कोपरा हलला. त्यांनी तुझ्याकडं बघितलं. तू वर बघितलंस.  बाहेरून कुणी सायकलवाला घंटी वाजवत गेला, ती घंटी लांब जाईपर्यंत ऐकू आली.

"अजून येळ लागंल," आण्णा म्हणाले. आणि त्यांनी पागोटं काढून खुंटीला अडकवलं.

मी ट्रंकेवर बसून रडले. मला वाटलं, आता यष्टी चुकणार, आण्णा चिडणार, कुठल्या तरी ट्रकमध्ये घालून मला रातोरात नेणार, आणि ह्या सगळ्याचं खापर तुझ्या फुटक्या स्वयंपाकावर. खुंटीवर अडकवलेल्या पागोट्याचा अर्थ मला लागला नाही. आणि परीक्षेसाठी मी वाचत होते तर्कशास्त्र.

दिवे लागायच्या आधीच अव्वा आल्या. तोपर्यंत दाणा जरासा मऊ झाला होता, आतून मात्र अजून टणक. दारावर थाप पडली. मी लुगडं काढलं, दार उघडलं. अव्वांनी नाकाला पदर लावला होता.

"शिवा शिवा. एनिदु? कसला वास हा माझ्या घरात?"

मी म्हणणार होते, "वांगं करपलं." माझ्या तोंडात ते तयार होतं. पण तू माझ्या पुढं आलीस. "मटण हाय अव्वा. आमच्या आण्णाच्या कळपातलं. म्या केलं, इंदीनं न्हाय."

अव्वा माझ्याकडं वळल्या. "भाजी-भाकरी म्हटलं होतं ना तुम्ही?"

"इंदी म्हनली हुती. म्या न्हाय."

"मग खोली सोडायची. उद्याच्या उद्या."

मागून आण्णांचा आवाज आला. "खोलीच न्हाय म्हनल्यावर पोरगी ऱ्हानार कुटं? सकाळच्या यष्टीनं नेतो तिला." ते अव्वांना बोलत नव्हते. तुला बोलत होते. तुला घाबरलेली मी तेव्हा पहिल्यांदा बघितली असं मला वाटतं, कारण तुझा हात माझ्या मनगटाभोवती होता आणि तो सुटेना.

मग अव्वांनीच विचारलं, "परीक्षा कधी हिची?"

तू सांगितलंस.

अव्वांनी आत वळून बघितलं, ट्रंक बघितली, बाहेर राहिलेली पुस्तकं बघितली. म्हणाल्या, "परीक्षेची पोर ऐन वेळी रस्त्यावर काढली, असं माझ्या दाराला नको. परीक्षा झाली की खोली सोडायची. आणि हे भांडं माझ्या नळाला आणायचं नाही. लांब नेऊन घासायचं." त्यांनी ते कडक आवाजात सांगितलं आणि निघून गेल्या. त्या रागावल्या होत्या. पण शब्दाच्या पक्क्या निघाल्या. परीक्षा होईपर्यंत एकदाही दारात आल्या नाहीत आणि एकदाही मागं लागल्या नाहीत.

आपण जेवलो. पावटे दातांखाली कट् कट् वाजत होते. आण्णांनी एक दाणा टाकला नाही. शेवटी तू त्यांच्या ताटात नळी ठेवलीस, कारण नळी घरधन्याची. त्यांनी ती उचलली, ताटाच्या काठावर आपटली, आतला गर बाहेर काढला आणि माझ्या भाकरीवर ठेवला.

"खा," म्हणाले. "डोस्क्याला लागतंय."

सकाळी ते एकटे गेले. ते पोचेपर्यंत पाहुणे वाडीला येऊन, रिकामी ओसरी बघून परत गेले होते. विहिरीचं घर हातचं गेलं. वाडीत लोक म्हणाले, शब्दाचा पक्का नाही, पोरीच्या शिक्षणापायी माणूस पाघळला. हे मला फार नंतर कळलं. आण्णांनी आपल्याला कधी सांगितलं नाही.

मी पास झाले. आपण अक्कलकोट रोडच्या कडेला पत्र्याच्या खोलीत राहायला गेलो. उन्हाळ्यात तो पत्रा अंगावर यायचा, आणि विड्यांची पानं आणायला तुला किती लांब चालावं लागायचं. तुझ्या पायाला त्या वर्षी भेगा पडल्या त्या भरल्याच नाहीत. तू कधी म्हणाली नाहीस की ही खोली माझ्या परीक्षेपायी आली. उलट मीच तुला टोचायचे, "तुझ्या पावट्यांपायी बाळीवेस गेली." तू म्हणायचीस, "हितं कोन नाकाला पदर लावत न्हाय. झाक की दार, उघड की दार, तुझी मर्जी."

मला शंका आली ती पहिल्या पगाराच्या दिवशी. मी कचेरीतून येताना ताजं मटण आणलं. तू काय केलंस? आधी पावटे शिजवलेस, बोटानं चेपून बघितलेस, मग मटण टाकलंस, मीठ सगळ्यांत शेवटी, चिंच त्याच्याही शेवटी. अगदी आईसारखं. दाणा लोण्यासारखा. मी घास खाता खाता म्हणाले, "येतंय की तुला. मग त्या दिवशी काय झालं होतं?"

तुझा हात थांबला. अर्धा घास तुझ्या हातात राहिला. मग म्हणालीस, "खाऱ्या मटनाची रीत येगळी असतीया."

आणि त्यानंतर, अक्का, तू हट्टाला पेटलीस. कळप नव्हता तरी आण्णा दरवर्षी विकतचं मटण खारवून पाठवायचे, आणि तू दरवर्षी ते तसंच, मिठासकट, पावट्यांत टाकायचीस. वर चिंच. आणि आपण दोघी कट् कट् करत ते खायचो. मी म्हणायचे, "कबूल कर ना, त्या दिवशी तू मुद्दाम केलंस." तू म्हणायचीस, "बापाला अन्नात फसवू व्हय गं मी? जीभ झडंल तुजी." आणि चावत राहायचीस. तुझा एक दात त्यात हलला. तरी तू रीत बदलली नाहीस.

मला कळतं, का ते. आपल्यात लेकीनं बापाला काहीही बोलावं, रुसावं, रडावं, पण त्याच्या ताटाशी खेळ करू नये. ते केलं तर त्याला माफी नाही. म्हणून ते खोटं खरं करायला तू दरवर्षी तसंच खात राहिलीस. एका दिवसाची लबाडी झाकायला एवढी वर्षं कच्चे पावटे. किंवा लबाडी नसेलच, आणि तू खरंच तेव्हा गडबडलीस, आणि नंतर नुसता हट्ट. मी बी.ए. आहे, दोन्ही बाजू मांडता येतात मला. निकाल देता येत नाही.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात मी तुला विचारलं. मोसंबी सोलत होते. तू खिडकीतून खाली रिक्षांकडं बघत होतीस. म्हणाले, "अक्का, आता तरी सांग. मुद्दाम केलंस ना?"

तू हसलीस. हसताना खोकला आला. मी पाणी दिलं. मग म्हणालीस, "ग्रॅज्युएट हायस न्हवं? मग तूच वळख की."

दुसऱ्या कुणी ते म्हटलं असतं तर मी उत्तर दिलं असतं. तुला काय देणार? मी फोड तुझ्या तोंडात ठेवली. तू चावलीस आणि म्हणालीस, "आंबट हाय." हेच आपलं शेवटचं नीट बोलणं, अक्का. मोसंबीचं. मी तुला तुझ्या पायांबद्दल काही म्हणाले नाही. पत्र्याच्या खोलीबद्दल म्हणाले नाही. जी माझी डिग्री भिंतीवर लावली आहे ती खाली घेऊन तुझ्या उशाशी ठेवावी असं त्या आठवड्यात माझ्या मनात रोज यायचं, आणि रोज मला ते नाटकी वाटायचं. ठेवायला पाहिजे होती. तू म्हणाली असतीस, "काच फुटंल, उचल ती." तेवढं तरी ऐकलं असतं.

तुझ्या तेराव्याला आण्णा आले. फार वाकले आहेत आता. पंगत उठल्यावर ते ओसरीवर बसले होते, मी शेजारी जाऊन बसले. गठुडं त्यांच्या मांडीवर. म्हणाले, "हे तिच्यासाठी आणलं हुतं. दुखणं ऐकलं तवाच खारवाया घातलं. वाळंपतोर ती ऱ्हायली न्हाय." मी गठुडं घेतलं. मग, माझ्याकडं न बघता, म्हणाले, "त्या दिशी मीठ काढलं न्हवतं तिनं."

मी गठुडं खाली ठेवलं.

"पळी व्हटाला लावली तवाच वळखलं म्या. खारट, आनि आंबट. म्हनलं, हे काय आज शिजत न्हाय."

"मग तुम्ही उठला का नाही, आण्णा?"

त्यांनी तंबाखू मळली. मळतच राहिले. "तिला नांदायला नेली तवा चौथीत हुती. आई बी न्हवती पाठीशी, चुलीवर बी काय न्हवतं. रडली, आनि आली यष्टीत बसून." तंबाखू तोंडात टाकली. "त्या दिशी तिनं वर बघितलं तवा तसंच बघितलं. त्या यष्टीतल्यावानी."

एवढंच.  मी विचारलंही नाही. अक्का, तू त्यांना फसवलं नाहीस. फसवायला समोरचा फसावा लागतो. तू कच्चे पावटे चावत राहिलीस ते ज्या बापापासून झाकायला, त्याला ते पहिल्या थेंबालाच कळलं होतं. त्यानंही झाकलं. तुमच्या दोघांच्या मधोमध बसून मी एवढी वर्षं भांडत होते, बी.ए. असून.

आज सकाळी आण्णा म्हणाले, "जातो आता. दुपारच्या यष्टीनं." वाडीत आता त्यांचं कुणी नाही. चुलतभावाच्या पोराकडं जेवतात. मी म्हणाले, "राहा इथंच." म्हणाले, "न्हाय गं. लेकीच्या घरी किती दिस. लोक काय म्हंतील?" मी वाद घातला, मुद्दे मांडले. ऐकेनात. धोतर, टॉवेल गठुड्यात बांधून तयार.

मग मी शेगडी पेटवली.

पावटे रात्रीच भिजत घातले होते. खारं मटण मी पाण्यातून काढलं नाही. तसंच टाकलं. मधोमध नळी. वरून चिंच कोळून ओतली. खिडक्या उघड्याच होत्या. समोरच्या घरातून शेजारणीनं विचारलं, "काय शिजतंय इंदूताई? लई वास सुटलाय." मी नेहमी अशा वेळी वांगं म्हणते. आज म्हणाले, "मटण. आमच्या अक्काच्या रीतीचं."

रटरटतंय मघापासून. मी शेगडीशी बसून हे लिहिते आहे. आत्ताच आण्णांनी पागोटं डोक्यावर घेतलं आणि विचारलं, "झालं का गं?"

मी पळीभर रस्सा त्यांच्या तळहातावर घातला. "मीठ बघा."

त्यांनी ओठाला लावला. मिशी हलली. माझ्याकडं बघितलं. मी वर बघितलं, अक्का. खाली बघितलं नाही.

"येळ लागंल," ते म्हणाले, आणि खुंटी शोधायला लागले.